एकटा उंबर पुरत नाही

पिकलेलं उंबर फोडलं की गुलाबी गरात केंबरं वळवळताना दिसतात आणि खाणारा हात मागे घेतो. पण ही केंबरं नसती तर उंबराला बीच धरलं नसतं. उंबराचं फूल दिसत नाही ते उगीच नाही. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्याच आतल्या बाजूला असंख्य बारीक फुलं दाटीनं असतात.

या फुलांपर्यंत पराग पोचवते ती गांधीलमाशीच्या कुळातली, जेमतेम 2 मिलिमीटरची केंबराची मादी. शास्त्रीय नाव सिरॅटोसोलेन फ्युसिसेप्स. कोवळ्या उंबराच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून ती आत घुसते. वाट इतकी चिंचोळी की पंख तुटून बाहेरच राहतात. आत ती पराग पसरते, अंडी घालते आणि मरते. काही आठवड्यांनी आधी बिनपंखी नर बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, फळाची भिंत कुरतडून त्यांना वाट करून देतात. नव्या माद्या पराग घेऊन उडतात. त्यांच्या हाताशी उरतो एखाद-दुसरा दिवस.

तेवढ्यात त्यांना कोवळी फळं धरलेला दुसरा उंबर सापडला पाहिजे. एका झाडाची फळं बहुधा एकदमच पिकतात, म्हणून परिसरात वेगवेगळ्या वेळी फळणारे बरेच उंबर लागतात. असे उंबर असले की ऐन उन्हाळ्यातही तांबट, हरियल, वटवाघळं यांना खाणं मिळतं.

उंबर मूळचा ओलाव्याचा, जंगलातल्या ओढ्याकाठचा. पार उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला. नाशिकशी तर त्याचं नातं जुनंच. ब्रह्मगिरीवर गोदावरी औदुंबराच्या मुळाशी प्रकटली, अशी श्रद्धा आहे. दत्ताच्या पारावरच्या औदुंबराला शहरात कुणी हात लावत नाही, हे चांगलंच. मात्र पाराबाहेरचे उंबर गेले तर त्या पूजलेल्या झाडाची केंबरं जाणार कुठे? सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध नाशिककर 2025 मध्ये उभे राहिले, ते योग्यच झालं. तोडलेल्या झाडामागे रोपं लावल्याचा हिशेब या कीटकाच्या कामाचा नाही. रोप फळायला वर्षं जातात, मादीचं आयुष्य दोन दिवसांचं.

म्हणून आहेत ते उंबर आधी राखा. आणि या पावसाळ्यात एक रोप लावायचंच असेल, तर इमारतींपासून दूर, नाशिकच्या नासर्डी किंवा वाघाडी नदीच्या काठाला उंबराचं लावा.