घरातली यंत्रं : कॉफी मशीनच्या पोटातला चुना

मागच्या आठवड्यात ग्राइंडरचं झालं. आता पाणी. एस्प्रेसोच्या कपात नऊ-दशांश पाणीच असतं, तरी मशीन कुरकुरायला लागलं की आपण आधी बियांना दोष देतो, मग पंपाला. धार बारीक होते, वाफ दमानं येते, कॉफी कोमट उतरते, पंपाचा आवाज चढतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं, आत खार धरलेला असतो. तो काढणं म्हणजे डीस्केलिंग. दर दोन-तीन महिन्यांनी करा, असं मशीनबरोबरची पुस्तिका सांगते. ती लिहिणाऱ्याला सातारा आणि जत यांतलं अंतर माहीत असण्याचं कारण नाही.

आपल्याकडे ते अंतर फार मोठं आहे. महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जतकडे पाचशेच्या आसपास. साताऱ्याच्या जुन्या भागाला कास तलावाचं पाणी येतं. ते पठारावरच्या जांभ्यावर पडलेलं पावसाचं पाणी, खनिजं विरघळवायला त्याला फारशी सवड मिळत नाही. पूर्वेकडचं बोअरचं पाणी मात्र काळ्या कातळाच्या भेगांत आणि चुनखडीत दीर्घकाळ मुरलेलं असतं. टेंभू आणि म्हैसाळ योजनांनी कृष्णा तिकडे नेली, पण घरच्या टाकीत बोअरचंच पाणी पडतं अशी घरं कितीतरी आहेत. सांगली-मिरजेतही नळाला कृष्णा आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या बोअरची भर, हा प्रकार नेहमीचा. एकाच मशीनला वर्षात दोन प्रकारचं पाणी मिळतं ते असं.

पाऊस जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो, किंचित आम्लधर्मी होतो आणि खडकातलं कॅल्शियम विरघळवून सोबत आणतो. पाणी थंड असेपर्यंत ते बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं राहतं. तापलं की वायू उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट उरतं. ते बसतं नेमकं जिथे उष्णता सगळ्यात जास्त तिथे. या थरातून उष्णता तांब्याच्या मानाने शंभराव्या हिश्शानेही जात नाही. त्यामुळे हीटर तापत राहतो आणि पाणी मागे राहतं. वाफेच्या बॉयलरचं तर आणखी वाईट, कारण वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार सगळे मागे. दूध फेसाळण्याची हौस जितकी जास्त, तितका आतला साठा दाट.

थोडा हिशेब करू. भारतीय मानक, आयएस 10500, पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी म्हणतं. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. समजा तुमचं पाणी 400 चं आहे आणि मशीनला रोज लिटरभर लागतं. महिन्याला 12 ग्रॅम चुना त्यातून फिरला. सगळा बसत नाही, पण लहान मशीनचा बॉयलर पाव लिटरचाही नसतो आणि आतल्या नळ्या काडीएवढ्या बारीक असतात.

म्हणून आधी पाणी मोजा. टीडीएसच्या पेनावर मात्र विसंबू नका. त्यावर एकूण क्षार दिसतात, त्यांतले किती चुन्याचे हे कळत नाही. मिरज, वाळव्याकडच्या क्षारपड पट्ट्यातल्या पाण्यात सोडियमचे क्षार भरपूर असू शकतात. ते थर धरत नाहीत, पण क्लोराइड जास्त असेल तर स्टीलला खड्डे पाडतात आणि तिथे डीस्केलिंगचा काही उपयोग नाही. कठीणता मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात. आरओचं निव्वळ पाणी हाही उपाय नव्हे. काही मशीनमधला पातळी ओळखणारा काटा क्षारांशिवाय पाणी ओळखतच नाही, आणि कॉफीही पुचाट लागते. आरओत थोडं साधं पाणी मिसळून घ्यावं.

तासगाव-पलूसच्या द्राक्ष बागायतदाराला यात नवीन काही सांगायला नको. ठिबकच्या ड्रिपरमध्ये हाच चुना अडकतो. तो व्हेंच्युरीतून ॲसिड सोडतो, पीएच कागदावर शेवटच्या ड्रिपरपाशी सामू चारच्या आसपास आला की पंप बंद करून रात्रभर ठेवतो आणि सकाळी लॅटरलची टोकं उघडून पाणी सोडतो. आम्ल, थांबणं, धुणं. आपलं कामही त्याच क्रमाने होतं, ॲसिड तेवढं निराळं. त्याचं हायड्रोक्लोरिक प्लास्टिकच्या नळीला चालतं, मशीनमधल्या स्टीलला आणि ॲल्युमिनियमला नाही. बाथरूम धुण्याचं ॲसिडही तेच असतं, म्हणून तेही नको. व्हिनेगर चालेल, पण वास आठवडाभर छळतो.

किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरतं. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम. कागदावर ते साधारण 19 ग्रॅम चुना विरघळवतं. टाकीतला फिल्टर काढून ठेवा. द्रावण उकळत्या तापमानाला नेऊ नका, कारण कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि एक थर काढताना दुसरा बसू शकतो. मशीन कोमट असताना थोडं ग्रुपमधून (कॉफी उतरते त्या तोंडातून), थोडं स्टीमच्या नळीतून सोडा, बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पुन्हा. द्रावण संपलं की दोन टाक्या साधं पाणी. ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर थांबण्याची वेळ निम्मी करा. तुमच्या मशीनची कंपनी हे घरी करूच नका म्हणत असेल, तर तिचं ऐका. दोन बॉयलरच्या काही मशीनना ते खरंच लागू असतं.

कासचं पाणी वापरणाऱ्याला हे वर्षातून एकदा खूप झालं, उगाच ॲसिड फिरवून धातूच झिजतो. जतच्या बोअरवाल्याने दोन महिन्यांचीही वाट बघू नये. आणि जुनं, कधीच न धुतलेलं मशीन हाती आलं असेल तर थेट आम्ल घालू नका. जाड थराचे तुकडे सुटून सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि चालू मशीन बंद पडतं. ते आधी उघडून हातानं साफ करून घ्यावं लागतं.