चुनखडीची भट्टी आणि प्रयोगशाळेतील तराजू

जयपूरच्या हवेल्यांतील आरशासारखा गुळगुळीत ‘आराइश’ गिलावा चुन्याचा असतो. चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व चुना उरतो. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीतून 44 ग्रॅम वायू, 56 ग्रॅम चुना. राजस्थानातील सिमेंट उद्योगाचा पायाही हीच अभिक्रिया आहे.

तिचा वेग प्रयोगशाळेत उष्णभारमापनाने अभ्यासतात. तापत्या भट्टीतील तराजूवर, लहानशा मुशीत काही मिलिग्रॅम भुकटी ठेवून घटत्या वजनाची नोंद घेतली जाते. मात्र ही नोंद रासायनिक अभिक्रियेच्या वेगाचीच असते असे नाही. सुटलेल्या वायूला कणांच्या छिद्रांतून, भुकटीच्या थरातून आणि मुशीतील स्थिर वायूतून बाहेर पडावे लागते. तो साचला की त्याचा दाब विघटनाला रोखतो. अशा वेळी तराजू मोजतो तो वायू बाहेर पडण्याचा वेग! यालाच वस्तुमान-वहनाची मर्यादा म्हणतात. नमुना व कणांचा आकार कमी करून, वायुप्रवाह वाढवून पाहावे. वेग बदलत राहिला, तर ही मर्यादा अजून शिल्लक आहे असे समजावे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा याच्याशी संबंध काय? भट्टीचा आकार व इंधनखर्च अशाच आकड्यांवरून ठरतात. भुकटीचा वेग मुठीएवढ्या खड्यांना लावला, तर गाभा कच्चा राहतो. तेथे उष्णता आत पोहोचण्यासही वेळ लागतो. उलट, दाट थरावर मोजलेला मंद वेग हा खडकाचाच गुण मानला, तर सिमेंट कारखान्यातील बारीक भुकटीसाठी गरजेपेक्षा मोठी भट्टी बांधली जाईल आणि तेवढे भांडवल विनाकारण अडकून पडेल.