किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत : अभिजात स्पोर्ट्स कारची वाहतूक

अमेरिकेत जुन्या, जतन करण्याजोग्या मोटारींचा बाजार देशभर विखुरलेला असल्यामुळे गाडी एका किनाऱ्यावर आणि तिचा नवा मालक दुसऱ्या किनाऱ्यावर, अशी स्थिती सर्रास उद्भवते. लॉस एंजेलिसमध्ये विकत घेतलेली गाडी बॉस्टनला न्यायची झाल्यास सुमारे ४,८०० किलोमीटरचे अंतर पार करावे लागते, आणि साहजिकच खरेदीदाराची सारी काळजी या अंतरावर केंद्रित होते. परंतु वाहतुकीची प्रक्रिया बारकाईने तपासली तर असे दिसते की, महामार्गावरील मैलांपेक्षा गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचे क्षण, म्हणजे विक्रेत्याकडून चालकाकडे, जमिनीवरून ट्रकवर आणि ट्रकवरून पुन्हा जमिनीवर येण्याचे प्रसंग, अधिक जोखमीचे असतात. या प्रसंगांची पूर्वतयारी कशी करावी, हाच या विषयाचा गाभा आहे.

पश्चिमेकडून पूर्वेकडे गाड्या नेण्यामागे हवामानाचे कारण आहे. ईशान्येकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ पसरले जाते, आणि ते खारे पाणी गाडीच्या खालच्या पत्र्यात शिरून तिला आतून पोखरते. उलट दक्षिण कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना यांच्या कोरड्या हवेत पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा पत्राही पुष्कळदा शाबूत राहतो. ‘एमजीबी’ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य गाड्या अमेरिकेत विकल्या गेल्या. या गाडीला वेगळी चौकट, म्हणजे चासी, नाही. तिचे पत्र्याचे शरीरच सारा भार पेलते, आणि दरवाजांखालून जाणारे ‘सिल’ नावाचे पोकळ पत्रे त्या शरीराचा कणा असतात. सिल गंजले की गाडीचा सांगाडाच दुबळा होतो. त्यामुळे बॉस्टनच्या रसिकाने कॅलिफोर्नियातील गाडी पसंत करावी आणि तिच्यासाठी वाहतुकीचा खर्च सोसावा, यात पूर्ण व्यवहार आहे.

मोटारीने अमेरिका खंड ओलांडणे हे एकेकाळी साहस मानले जात असे. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टरांनी ‘विंटन’ गाडीतून सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हा प्रवास ६३ दिवसांत पुरा केला, आणि ती गाडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. १९१९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वाहनांचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, तेव्हा त्यालाही ६२ दिवस लागले. त्या ताफ्यात असलेले तरुण अधिकारी ड्वाइट आयझेनहॉवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९५६ साली, आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्याचा कायदा संमत झाला. या महामार्गांमुळे हेच अंतर आठवड्या-दीड आठवड्यात पार करणारा मोटारवाहतुकीचा व्यवसाय शक्य झाला.

गाडी घरी आणण्याचा पहिला मार्ग म्हणजे ती स्वतः चालवत आणणे, आणि अनेक हौशी मालकांना त्याचा मोह पडतो. मात्र नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीचे दोष नव्या मालकाला ठाऊक नसतात. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे टायर दिसायला नवे असले तरी त्यांचे रबर कडक झालेले असू शकते, आणि म्हणून टायरवर कोरलेला उत्पादनाचा संकेत वाचणे आवश्यक ठरते. २००० सालापासून हा संकेत चार अंकी असून पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन अंक वर्ष दाखवतात. ब्रेकच्या रबरी नळ्या, इंधनाच्या नळ्या आणि रेडिएटरचे पाइप यांचेही वय असेच लपलेले असते. एरवी किरकोळ वाटणारा बिघाड न्यू मेक्सिकोच्या निर्जन पट्ट्यात मोठे संकट ठरू शकतो.

दुसरा मार्ग गाडी आपल्या वाहनामागे ओढून आणण्याचा. चारही चाके उचलून धरणारा ट्रेलर वापरला तर तो सुरक्षित असतो. परंतु मागची चाके रस्त्यावर फिरती ठेवून गाडी ओढली, तर इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधील तेल सर्व भागांपर्यंत पोहोचत नाही आणि लांबच्या पल्ल्यात गिअरबॉक्स आतून झिजते. एमजीबीप्रमाणे मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत म्हणूनच गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आधी सोडवावा लागतो.

बहुतेक खरेदीदार अखेर व्यावसायिक वाहतूकदाराकडे वळतात आणि तेथे त्यांच्यापुढे उघडा आणि बंदिस्त असे दोन पर्याय येतात. उघड्या वाहकावर दोन मजल्यांत आठ-नऊ गाड्या वाहून नेल्या जातात. भाडे कमी पडते, परंतु धूळ, पाऊस आणि उडणारे खडे यांपासून संरक्षण मिळत नाही, शिवाय खालच्या मजल्यावरील गाडीवर वरच्या गाडीचे तेल ठिबकण्याची शक्यता राहते. कापडी टप असलेल्या गाडीला ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याचा आणखी एक धोका असतो, कारण टप किंचित सैल असला तरी वारा त्यात शिरून शिवण उसवतो. बंदिस्त वाहकात गाड्या मोजक्या असतात, त्यांना चारी बाजूंनी आडोसा मिळतो आणि पुष्कळ वाहकांना ‘लिफ्टगेट’, म्हणजे गाडीला सपाट अवस्थेत उचलणारा हायड्रॉलिक मंच, बसवलेला असतो. ज्या गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच आहे, तिच्यासाठी तिरक्या उतरणीऐवजी असा मंच असणे ही मोठी सोय होय. भाडे बरेच अधिक पडते. तरीही गाडीचा मूळ रंग, मूळ कातडी आसने आणि मूळ टप टिकून असतील तर तो खर्च योग्य म्हणावा लागेल, कारण या वस्तू दुरुस्त करता येतात, पण त्यांचे मूळपण परत आणता येत नाही.

यानंतरची पायरी कराराची, आणि खरेदीदाराची सर्वाधिक गल्लत येथेच होते. भाड्याची चौकशी करताना तो ज्याच्याशी बोलतो ती व्यक्ती बहुधा दलाल, म्हणजे ब्रोकर, असते. ब्रोकर ग्राहक आणि ट्रकमालक यांची गाठ घालून देतो, मात्र गाडी त्याच्या ताब्यात कधीच येत नाही. अमेरिकेत या व्यवसायाचे नियमन ‘फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन’ ही केंद्रीय संस्था करते आणि ब्रोकरला ७५,००० डॉलरची हमी जमा ठेवावी लागते. पण ही हमी व्यवहारातील देणी बुडू नयेत यासाठी असते, गाडीच्या नुकसानीसाठी नव्हे. नुकसानीची जबाबदारी १९०६ च्या ‘कारमॅक दुरुस्ती’ या कायद्यानुसार प्रत्यक्ष वाहतूकदारावर येते. या कायद्यान्वये माल सुस्थितीत सोपवला गेला आणि बिघडलेल्या स्थितीत पोहोचला एवढे सिद्ध केले की वाहतूकदाराला उत्तर द्यावे लागते, त्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. मात्र लेखी करारात भरपाईची कमाल मर्यादा घालण्याची मुभाही हाच कायदा देतो, आणि म्हणून बारीक अक्षरांतील ते कलम सहीपूर्वी वाचणे अगत्याचे आहे.

विम्याबाबतही असाच भेद ध्यानात ठेवावा लागतो. मोठ्या मालट्रकसाठी सक्तीचा असलेला किमान ७,५०,००० डॉलरचा विमा हा अपघातात इतरांना होणाऱ्या हानीसाठी असतो. ट्रकवरील गाड्यांसाठी मालविमा निराळा असतो आणि त्याची रक्कम ट्रकवरील सर्व गाड्यांत वाटली जाते. सहा मौल्यवान गाड्या एकाच ट्रकवर असतील तर ती रक्कम अपुरी पडू शकते. यास्तव गाडीची किंमत मालक आणि विमा कंपनी यांनी आधीच ठरवून घेतलेला ‘सहमत मूल्या’चा विमा खरेदीच्या दिवसापासूनच चालू करणे शहाणपणाचे ठरते, कारण सर्वसाधारण विमा जुन्या गाडीचे मूल्य वयानुसार घटवत जातो, तर अभिजात गाडीचे मूल्य वयाबरोबर वाढतही असते.

गाडी ताब्यात घेताना चालक ‘बिल ऑफ लेडिंग’ तयार करतो. आपल्याकडील ट्रकव्यवसायात जिला बिल्टी म्हणतात, तिचेच हे रूप असून ते पावती, करार आणि स्थितिदर्शक नोंद अशी तिहेरी भूमिका बजावते. त्यावरील गाडीच्या रेखाचित्रात प्रत्येक ओरखडा आणि पोचा नोंदवला जातो. नवा मालक हजारो किलोमीटर दूर असल्यामुळे ही नोंद विक्रेता आणि चालक यांच्यातच होते, आणि विक्रेत्याला पैसे मिळून गेलेले असल्याने तो ती काळजीपूर्वक करेलच असे नाही. म्हणून दिवसाच्या उजेडात, धुतलेल्या गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून घेणे ही अट खरेदीच्या वेळीच घालावी. मालकीपत्रावरील क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हेही त्याच वेळी पाहावे. सतरा अंकाक्षरांचा प्रमाणित क्रमांक १९८१ पासून रूढ झाला, त्यापूर्वीच्या गाड्यांचे क्रमांक आखूड आणि निर्मात्यागणिक निराळे असल्यामुळे त्यांत लेखनदोष सहज राहून जातो.

गाडीची तयारी करताना टाकीत इंधन पाव भागाहून कमी ठेवले जाते, सुटे सामान काढले जाते आणि गळती असल्यास ती सांगितली जाते. पण त्याहून मोलाची तयारी म्हणजे चालकासाठी लिहिलेला एक कागद. आधुनिक गाड्यांची सवय असलेल्या चालकाला चोक ओढून थंड इंजिन कसे सुरू करायचे हे ठाऊक असेलच असे नाही. एमजीबीच्या १९७४ पूर्वीच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे, फरशीखाली दडलेल्या असतात. त्यातही १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या शरीराला जोडलेले असते, म्हणजे आजच्या रूढ पद्धतीच्या नेमके उलट. ही गोष्ट न जाणता दुसऱ्या गाडीवरून वीज जोडली तर विजेची यंत्रणा जळू शकते. अशी माहिती देणारा कागद स्टिअरिंगला बांधलेला असेल, तर एक टाळता येण्याजोगे नुकसान खरोखरच टळते.

ट्रकवर गाडी बांधण्याची पद्धतही विचारून घेण्यासारखी आहे. साखळ्यांनी गाडीचे शरीर खाली खेचून बांधले तर स्प्रिंगा सतत दाबलेल्या राहतात आणि प्रत्येक खड्ड्याचा ताण जुन्या सांध्यांवर येतो. याउलट रुंद, मऊ पट्टे टायरवरून आवळले तर चाक जखडले जाते आणि गाडीचे शरीर आपल्या स्प्रिंगांवर मोकळे डोलत राहते. तारांच्या आऱ्यांची चाके असलेल्या गाड्यांत पट्टा आऱ्यांमधून ओवणे कटाक्षाने टाळावे लागते, कारण आऱ्या वाकल्या की चाकाचा तोल जातो.

प्रवासाचा कालावधी कायद्यानेही ठरतो. चालकाला सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर चौदा तासांच्या अवधीत अकरा तासच ट्रक चालवता येतो. शिवाय वाटेत इतर गाड्या चढवणे-उतरवणे असतेच, त्यामुळे किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सात ते दहा दिवस लागणे स्वाभाविक आहे. जो वाहतूकदार यापेक्षा फार कमी दिवसांचे आश्वासन देतो, त्याच्याकडे सावधपणेच पाहिले पाहिजे. या काळात गाडी अनेक हवामानांतून जाते. कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे निघालेला ४० क्रमांकाचा महामार्ग ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफजवळ २,१०० मीटरहून अधिक उंचीवर चढतो आणि तेथील हिवाळी रात्री गोठणबिंदूखाली जातात. उबदार प्रदेशातील मालकाने रेडिएटरमध्ये नुसते पाणी भरलेले असेल, तर ते गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि इंजिनाचा ओतीव लोखंडी ठोकळा तडकवू शकते. ट्रक निर्विघ्न पोहोचूनही इंजिन निकामी झालेले असावे, अशी ही हानी थोड्याशा गोठणरोधक द्रवाने टाळता येते.

गाडी पोहोचल्यावर सही करण्याची घाई होते, विशेषतः रात्री आणि पावसात. तथापि बिल्टीवर ‘सुस्थितीत मिळाली’ अशी सही झाल्यानंतर नुकसानीचा दावा सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून उजेडात, मूळ छायाचित्रे हाती घेऊन, गाडीचा खालचा भागही पाहावा आणि आढळलेला प्रत्येक नवा दोष सही करण्यापूर्वी त्याच कागदावर लिहावा. वाहतूकदाराला दावा दाखल करण्यासाठी नऊ महिन्यांहून कमी मुदत ठेवता येत नाही, आणि दावा नाकारल्यानंतर न्यायालयात जाण्यासाठी किमान दोन वर्षे द्यावीच लागतात. हे संरक्षण कायद्याने दिलेले आहे, पण त्याचा उपयोग पुराव्यावाचून होत नाही.

या साऱ्या दक्षतेमागे केवळ पैशाचा हिशेब नाही. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्येच बंद झाला आणि मूळ स्वरूपात उरलेल्या गाड्यांची संख्या घटतच जाणार आहे. अशी गाडी विकत घेणारा माणूस तिच्याबरोबर एका काळाच्या कारागिरीचा विश्वस्तही बनतो, आणि त्याची ही जबाबदारी गाडी अंगणात उतरण्याच्या कितीतरी आधी, खरेदीचा व्यवहार पुरा झाल्याच्या घटकेपासून, सुरू झालेली असते. वाहतुकीसाठी दिलेला वेळ, वाचलेला करार आणि लिहून ठेवलेली माहिती ही त्या जतनाची पहिली पावले आहेत, आणि पुढच्या सर्व दुरुस्त्यांइतकेच त्यांचे मोल आहे.