सवलतीचे माप कोणाच्या पदरी?

राज्यसत्तेने प्रजेला एखाद्या इष्ट मार्गाकडे वळवावयाचे ठरविले म्हणजे एक तर ती आपला हक्काचा कर सोडून देते, नाही तर खजिन्यातून रोख रक्कम देते. दोहोंचा भार अखेर तिजोरीवरच पडत असला तरी तो पैसा कोणाच्या पदरी पडतो, हे पाहू गेल्यास त्यांतील अंतर ध्यानात येते.

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या प्रसारार्थ केंद्र सरकारने २०१९ साली आयकर कायद्यात कलम ८० ईईबी समाविष्ट केले आणि १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या मुदतीत मंजूर झालेल्या वाहनकर्जाच्या व्याजापैकी वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दिली. ही वजावट पुरती पदरात पडली तर ३० टक्के दराने कर भरणाऱ्या गृहस्थाचे, उपकर सोडून, ४५,००० रुपये वाचत. ५ टक्क्यांच्या पायरीवरील कारकुनाचे, त्याचा कर सवलतीने आधीच माफ होत असल्याने, तेवढेच व्याज भरूनही काहीच वाचत नसे. आणि ज्या रिक्षाचालकाचे उत्पन्न कराच्या कक्षेतच येत नाही, त्यालाही एक छदाम नाही. वास्तविक इंधनाचा खर्च ज्याला रोज सोसावा लागतो आणि ज्याचे वाहन दिवसभर रस्त्यावर धूर सोडीत फिरते, तोच या सवलतीचा खरा अधिकारी! त्या मानाने १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, तो निर्णय मला अधिक न्याय्य वाटतो. कारण ती सूट थेट विक्रीच्या बिलातच उतरते, तेथे कोणी कोणाचे विवरणपत्र पाहत नाही.

छपरावरील सौरसंचांच्या बाबतीत सरकारने रोख अनुदानाचा मार्ग पत्करला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजने'त एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवून ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये अर्जदाराच्या बँकखात्यात जमा होतात. मात्र संच बसून, नेट मीटर लागून, वीज कंपनीची तपासणी पार पडल्यानंतरच, म्हणजे आधी पैसा आपल्या गाठीचा किंवा कर्जाचा घालावा लागतो. दुपारी घराला कुलूप असताना निर्माण झालेली वीज हा नेट मीटर बाहेरच्या तारांत गेलेली म्हणून नोंदवितो, आणि रात्री दिव्यापंख्यांसाठी घेतलेल्या युनिटांतून ती वळती होते.

पण ज्याला स्वतःचे छप्परच नाही त्याने काय करावे? गृहनिर्माण संस्थांना उद्वाहन, पाण्याचे पंप, वाहनांचे चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये देण्याची तरतूद याच योजनेत आहे, आणि शहरांतील सदनिकाधारकांच्या दृष्टीने तीच मला सर्वांत मोलाची वाटते. कारण गच्ची सर्वांच्या मालकीची असते, तेथील संचाने मासिक देखभालखर्च उतरला तर तो सर्वच सभासदांचा उतरतो, आणि त्यासाठी त्यांपैकी एकाही सभासदाला आयकरदाता असावे लागत नाही.