अंगणातले फिंच आणि दर रविवारचा ताप

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांना दर रविवारी रात्री थंडी वाजून ताप यायचा. अंग दुखायचं, कोरडा खोकला, छातीत दाटल्यासारखं. सोमवारी संध्याकाळी ते ठणठणीत. मलेरियाची तपासणी दोनदा झाली, टीबीचीही झाली, काही निघालं नाही. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "रविवारी नेमकं काय करता?" अंगणात जाळीचा मोठा पिंजरा, त्यात झेब्रा फिंचच्या दहा-बारा जोड्या. रविवारी दुपारी तो झाडायचा. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

पक्ष्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची बारीक धूळ यांत त्यांची प्रथिनं असतात. ती श्वासातून फुफ्फुसात खोलवर जातात. बहुतेकांना काहीच होत नाही, पण काहींची प्रतिकारशक्ती त्यांवर चवताळते आणि फुफ्फुसाला सूज येते. याला 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' म्हणतात. हा संसर्ग नाही, त्यामुळे अँटिबायोटिकने जात नाही आणि घरात एकाचा दुसऱ्याला होत नाही. कबुतरं आणि बजरीगरमुळे तो जास्त दिसतो. फिंचची धूळ कमी, पण पक्षी पुष्कळ असले की तीही पुरते.

ताप साधारण ४ ते ८ तासांनी येतो, म्हणून पिंजऱ्याशी संबंध लक्षात येत नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा. ताप नसतोच; महिनोन्महिने कोरडा खोकला, जिना चढताना दम, वजन कमी. सोलापुरात अशा खोकल्याचा दोष आधी टीबीला, मग यंत्रमागाच्या धुळीला दिला जातो. तोवर फुफ्फुसावर कायमचे व्रण पडू शकतात, आणि ते भरून येत नाहीत.

पिंजरा उघड्यावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कुलर असतो आणि तो बाहेरची हवा आत ओढतो. त्याच्या मागेच पिंजरा असेल, तर धूळ थेट अंथरुणापर्यंत येते. शिवाय कुलरच्या ओल्या पॅडवर बुरशी धरते, तिनेही हाच आजार होतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत फुफ्फुसाच्या अशा जुनाट आजारांच्या १०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हाच आजार निघाला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या बाबतीत कुलरचा संबंध आढळला.

तेव्हा पिंजरा कुलर आणि खिडक्यांपासून दूर ठेवा. कोरडं झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग खरवडा. रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. नंतर कपडे बदला, हात साबणाने धुवा. (दुकानात लाल मुनिया मिळाली तरी घेऊ नका. ती आपल्या रानातली आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती पाळता येत नाही.)

खोकला तीन आठवड्यांवर गेला, किंवा पिंजरा साफ केल्यावर ताप येत असेल, तर डॉक्टरांना पक्ष्यांबद्दल स्वतःहून सांगा. छातीचा साधा एक्स-रे कधीकधी नॉर्मल येतो. एचआरसीटी आणि फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी लागते. निदान झालं तर मुख्य उपचार म्हणजे पक्ष्यांपासून लांब राहणं. गरजेनुसार स्टेरॉइड देतात, पण पक्षी तिथेच ठेवून नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. हे ऐकताना घरच्यांचे डोळे भरून येतात, हे मी पाहिलंय. आणि पक्षी दिल्यावरही घरातली धूळ कित्येक महिने त्रास देऊ शकते, म्हणून पडदे आणि चादरी धुवून घ्या, कुलरचे पॅड बदला.