चंद्र, चेंडू आणि माझी फजिती

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. ‘चंद्राच्या कला’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, चित्रकला-हस्तकलेसारखं काहीतरी असणार! दुसरी कबुली त्याहून मोठी आहे. यंदाच्या एन.एस.एस.च्या हिवाळी कॅम्पमध्ये गावातल्या सातवीच्या मुलांना मी ह्याच कला चक्क चुकीच्या शिकवल्या. आणि तेही फुल कॉन्फिडन्सने.

झालं असं, की सकाळी श्रमदान आणि दुपारी शाळेत विज्ञान असा आमचा कार्यक्रम होता. मला खगोलशास्त्र मिळालं. फळ्यावर सूर्य, पृथ्वी, चंद्र असे तीन गोळे काढले आणि सांगून टाकलं, “पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, म्हणून तो कधी अर्धा, कधी कोरीएवढा दिसतो.” मुलांनी वहीत उतरवूनही घेतलं. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

“दादा, काल चार वाजता आम्ही शेतातून येत होतो तेव्हा चंद्र वर होता. अर्धाच होता. आणि सूर्यपण होता की! मग पृथ्वी मधे कशी आली?”

मी गप्प. सूर्य पश्चिमेला, चंद्र पूर्वेला, दोन्ही डोक्यावरच्याच आकाशात. पृथ्वी आपल्या पायाखाली. सावली पडणार ती सूर्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे खाली. ती वरच्या चंद्रावर पडेलच कशी? मी “उद्या सांगतो” म्हणून सुटका करून घेतली. (हे उत्तर व्हायवात चालत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.)

त्या रात्री झोप लागली नाही. जास्त वाईट ह्याचं वाटलं, की पृथ्वीची सावली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती! ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. होस्टेलच्या गच्चीवर ढगांना शिव्या देत आपण सगळे उभे होतो, आठवतंय? ती सावली तासाभरात अख्ख्या चंद्रावरून सरकली आणि चंद्र तांबूस झाला. कला मात्र २९ दिवस सावकाश चालू असतात. एक तासांची गोष्ट आणि दुसरी महिन्याची, दोन्ही एकच कशा असतील? पण शाळेत ‘गिबस’, ‘क्रेसेंट’ हे शब्द पाठ करून पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. त्यामुळे आपल्याला हे समजलेलं नाही, अशी शंकाच कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर आधी सांगितलं, “काल मी चुकीचं शिकवलं. वहीतलं ते वाक्य खोडा.” मुलं खूश! दादा चुकला म्हणून नव्हे, खोडायला मिळालं म्हणून. मग दारं-खिडक्या लावून वर्गात अंधार केला, मध्ये एक बल्ब लावला आणि रबरी चेंडूला चुना फासून तो काडीवर खोचला. बल्ब म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र आणि आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. हा प्रयोग तुम्हीही रूमवर करून बघा. खर्च शून्य.

चेंडू हात लांब करून धरा आणि बल्बकडे तोंड करा. चेंडूची उजळलेली बाजू बल्बकडे, आपल्याकडे अंधारी बाजू. ही अमावस्या. आता जागेवरच डावीकडे वळायला लागा. चेंडूच्या उजव्या कडेला प्रकाशाची कोर दिसू लागते. पाव फेरी झाली, की उजवा अर्धा भाग उजळलेला. ही शुक्ल अष्टमी, म्हणजे त्या मुलीने शेतातून पाहिलेला चंद्र. बल्बकडे पाठ केली की पौर्णिमा.

लक्षात घ्या, चेंडू सगळा वेळ अर्धाच उजळलेला असतो. बदलते ती फक्त आपली बघण्याची बाजू. ह्यात पृथ्वीची सावली कुठेच नाही!

पण बल्बकडे पाठ केल्यावर एक मुलगा ओरडला, “दादा, माझ्या डोक्याची सावली पडली चेंडूवर!” बरोबर. तेच चंद्रग्रहण. मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? त्याला म्हटलं, हात थोडा वर कर. चेंडू सावलीतून सुटला आणि पूर्ण उजळला.

खरं उत्तर हेच आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. पाच अंश म्हणजे किरकोळ वाटतं ना? आपण इंजिनिअर, जरा स्केलवर मांडू. पृथ्वी बास्केटबॉलएवढी धरली (२४ सेंमी), तर चंद्र साधारण टेनिस बॉलएवढा आणि तो ठेवायचा जवळजवळ सव्वासात मीटरवर. मी वर्गात मोजायला गेलो तर थेट व्हरांड्यात पोचलो! त्या अंतरावर पृथ्वीच्या गडद सावलीची रुंदी १७-१८ सेंमी, आणि पाच अंशांमुळे चंद्र वर किंवा खाली दोन फुटांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीला चुकवून निघून जातो. आणि आपल्या आर्यभटाने ‘ग्रहण म्हणजे सावली’ हे इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात लिहून ठेवलंय. मी मात्र तीच सावली अष्टमीला नेऊन चिकटवली!

पुढचे दिवस मुलांना होमवर्क दिलं. रोज संध्याकाळी साडेसहाला एकाच जागी उभं राहायचं आणि चंद्र कुठे आहे ते मुठीने मोजायचं. हात लांब केला की मिटलेली मूठ आकाशात साधारण १० अंश व्यापते. रोज चंद्र मुठीपेक्षा थोडा जास्त पूर्वेला सरकलेला दिसायचा, सुमारे १२ अंश. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणून चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. हे गणित मी सांगायच्या आधीच त्या मागच्या रांगेतल्या मुलीने मांडून दाखवलं.

आता गंमत बघा. हेच १२ अंश आपल्या पंचांगात आहेत! तिथी म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून सूर्य आणि चंद्र ह्यांच्यातल्या कोनाचे १२-१२ अंशांचे तुकडे. ३० तिथी गुणिले १२, बरोबर ३६०. अष्टमीच्या मध्यावर हा कोन ९० अंश होतो आणि पौर्णिमा संपते तेव्हा १८०. इतकी वर्षं मेसच्या भिंतीवरचं कॅलेंडर मी फक्त सुट्ट्या बघायला वापरत होतो.

परत आल्यावर संकष्टीच्या दिवशी मेसच्या मावशींसमोर शायनिंग मारली. “मावशी, पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. त्यानंतर तीनेक दिवस, दिवसाला ५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. आज तुमचा चंद्र नऊच्या आसपास!”

मावशी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “ठाऊक आहे रे. तुमची पंगत उठली, भांडी आवरली, की तो येतोच. इतकी वर्षं बघतेय.”

म्हणजे इथेही मी शेवटूनच पहिला!

तर मित्रांनो, सबमिशनच्या धावपळीत एवढंच करा. मेसमधून रूमवर जाताना रोज एकदा वर बघा. चंद्र कुठल्या बाजूने उजळलाय ते बघा आणि त्या बाजूला सूर्य कुठे असेल ते बोटाने दाखवा. आठवडाभर हे जमलं, तर कला तुम्हाला समजल्या. आणि कुणी लहान मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर “उद्या सांगतो” म्हणायला लाजू नका. फक्त दुसऱ्या दिवशी खरंच सांगा!