चिखलातल्या बिळांची साक्ष

समुद्रतळातून काढलेला गाळाचा कोअर, म्हणजे लांब नळीसारखा नमुना, उभा चिरला की आत आधी नुसता राखाडी चिखल दिसतो. काचपट्टीने तो आडवा, हलक्या हाताने खरवडायचा. उभा खरवडला तर वरचा गाळ खाली फासला जातो. पृष्ठभाग स्वच्छ झाला की गडद चिखलातून फिकट वर्तुळं, पट्टे, ठिपके वर येतात. ही तळावरच्या कृमींची, खेकडा-कोळंबीच्या कुळातल्या प्राण्यांची बिळं. शिंपला प्रवाहाबरोबर वाहून भलतीकडे पडू शकतो; बीळ मात्र खणलं तिथेच राहतं. तळाची हकिगत विचारायची तर मी आधी बिळांना विचारतो.

कोणी कोणाला छेदलंय, हे पहिलं बघायचं. छेदणारं बीळ नंतरचं. या क्रमातून बिळांच्या प्रकारांचे मजले उलगडतात: वर प्लॅनोलाइट्सच्या नळ्या, त्याखाली थॅलॅसिनॉइडिसचे रुंद बोगदे, आणखी खोल झूफायकसचे आडवे पट्टे, आत चंद्रकोरींच्या ओळी असलेले. बहुधा सर्वांत खाली काँड्राइट्स. त्याची बिळं झाडाच्या मुळांसारखी फुटतात, पण कापात रांगोळीच्या ठिपक्यांसारखी दिसतात.

तळाजवळचा प्राणवायू घटू लागला की मोठी बिळं आधी थांबतात, काँड्राइट्स तग धरतं. ब्रॉमली आणि एकडेल या संशोधकांनी १९८४ मध्ये हे ठळकपणे मांडलं. शेवटी तेही थांबतं, आणि कोणी न ढवळलेल्या गाळाचे पातळ पापुद्रे जसेच्या तसे राहतात. पण काँड्राइट्स दिसलं की लगेच निष्कर्ष काढू नये. बिळात वरच्या थराच्या रंगाचा गाळ भरला असेल, तर ते खणणारा प्राणी त्या वरच्या काळातला. भोवतालच्या चिखलाबद्दल तो काही सांगत नाही.

या वाचनाचं मोल अरबी समुद्रात कळतं. कराचीजवळच्या उतारावरच्या कोअरमध्ये पापुद्र्यांचे आणि ढवळलेले थर आलटून पालटून येतात. शुल्झ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्यांची ग्रीनलंडच्या बर्फातल्या गेल्या १,१०,००० वर्षांच्या हवामानाशी सांगड घातली. उबदार काळात नैऋत्य मोसमी वारे जोरात वाहत, खोलातलं पोषक पाणी वर येई, प्लवक माजत आणि खाली कुजताना प्राणवायू संपवत. तेव्हा पापुद्रे राहिले. थंडीच्या टप्प्यांत वारे मंदावले, प्राणवायू परतला आणि तळ पुन्हा खणला गेला.

म्हणून वयमापनासाठी चिमूटभर गाळ उचलण्याआधी बिळांचा नकाशा काढावा, असा माझा आग्रह असतो. झूफायकस नवा गाळ जुन्या थरात खोलवर नेऊन ठेवतं. नेमकी तिथली चिमूट घेतली, तर सर्वांत महागडं यंत्रसुद्धा चुकीचं वय अगदी काटेकोरपणे सांगेल.